राजाने स्वतःस घातलेली मर्यादा
अनियंत्रित राजसत्तेला मर्यादा पडते ती बहुधा रक्तपाताने. इंग्लंडचा पहिला चार्ल्स पार्लमेंटपुढे नमला नाही. १६४९ साली त्याचा शिरच्छेद झाला. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी निराळा मार्ग धरला. सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते व चित्रकार असलेल्या या राजाने १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्याने, आपल्या बहात्तर गावांचा कारभार प्रजेच्या हाती सोपविला. ग्रामपंचायत हा त्या घटनेचा पाया होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले व प्रयोग संपला. राजाचे औदार्य वंदनीय खरे. परंतु दानात मिळालेला अधिकार टिकतो तो घेणाऱ्याच्या जागरूकतेवर. त्या संस्थानातील आटपाडी, कुंडल ही गावे आज सांगली जिल्ह्यात आहेत. तेथील ग्रामसभांनी तरी हे विसरता कामा नये.