गुरू गोविंदसिंग : दहावे गुरू, आणि त्यांच्यानंतर कोण?

गुरू गोविंदसिंग शिकवताना वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. शिखांचे गुरू दहा, मग आत्ता त्यांचे गुरू कोण? आपण पटकन सांगतो, ग्रंथ. मुलं गप्प बसतात, पण त्यांना ते पटलेलं नसतं. पुस्तक गुरू कसं होईल? उत्तर एका वाक्यात बसत नाही. त्यासाठी त्यांचं आयुष्यच सांगावं लागतं.

त्यांचा जन्म 1666 साली पाटण्याला झाला. नाव गोविंदराय. वडील गुरू तेगबहादूर, आई माता गुजरी. आता जरा मागे जाऊ या. गुरू नानकांनी आपल्या मुलांना बाजूला ठेवून शिष्याला, म्हणजे अंगददेवांना, गादी दिली होती. पण चौथ्या गुरूंपासून गादी सोढी घराण्यातच राहिली, आणि घराण्यात गादी आली की भाऊबंदकी आलीच. (आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको!) आठवे गुरू हरकिशन लहान वयातच दिल्लीत वारले. तेव्हा बकाला गावात मीच गुरू म्हणत बावीस जण गादी मांडून बसले होते, असं परंपरा सांगते. त्या गर्दीतून लोकांनी तेगबहादूरांना ओळखलं. खरा गुरू कोणता, हा प्रश्न गोविंदरायांच्या जन्माआधीपासूनच त्यांच्या घरात होता.

1675 साली औरंगजेबाच्या हुकमाने तेगबहादूरांचा दिल्लीत चांदणी चौकात शिरच्छेद झाला. काश्मिरी पंडितांच्या धर्मस्वातंत्र्यासाठी ते उभे राहिले होते. नऊ वर्षांचा मुलगा गुरू झाला. आपल्या चौथीतल्या पोराचं वय, बघा. पुढची वर्षं आनंदपूर आणि पांवटा इथे गेली. घोडेस्वारी, धनुर्विद्या, फारसी, ब्रज, काव्य असं सगळं शिक्षण चाललं. पहाडी राजांशी 1688 मध्ये भंगाणीची लढाई झाली. लढाया पुढेही बऱ्याच झाल्या, त्यांची यादी इथे देत नाही.

खरी गोष्ट आहे 1699 च्या बैसाखीची. आनंदपूरला मोठा मेळा भरला होता. गुरूंनी तलवार उपसून एकेक शीर मागितलं आणि एकेक करून पाच जण उठले. लाहोरचे दयाराम, हस्तिनापूरचे धरमदास, जगन्नाथपुरीचे हिंमतराय, द्वारकेचे मोहकमचंद आणि बिदरचे साहिबचंद. कोणी खत्री, कोणी जाट, कोणी पाणक्या, कोणी शिंपी, कोणी न्हावी. बिदर आपल्या नांदेड-लातूरच्या शेजारचं, हे मुलांना नकाशात जरूर दाखवा. हे पंचप्यारे. गुरूंनी त्यांना एकाच भांड्यातून अमृत दिलं. केस, कंगवा, कडं, कच्छ आणि कृपाण ही खूण खालशाची ठरली. पुरुषांच्या नावापुढे सिंग, स्त्रियांच्या नावापुढे कौर लागलं.

आपले धडे बहुधा इथे थांबतात. पण पुढचा प्रसंग सोडू नका, बरं का. अमृत दिल्यावर गुरू त्या पाचांसमोर हात जोडून उभे राहिले आणि त्यांच्याकडून स्वतः अमृत घेतलं. गोविंदरायाचे गोविंदसिंग झाले ते तिथे. गुरू आपल्याच शिष्यांचा शिष्य झाला! गावोगावी गुरूंच्या नावाने दान गोळा करणारे मसंद नावाचे प्रतिनिधी असत. त्यांच्यातले कित्येक भ्रष्ट झाले होते. ती व्यवस्थाही त्यांनी मोडून टाकली. शीख आणि गुरू यांच्यामध्ये दलाल नको.

नंतरचा काळ फार कठीण आहे. वेढ्यामुळे आनंदपूर सोडावं लागलं. थोरले दोन मुलगे, अजितसिंग आणि जुझारसिंग, चमकौरला लढताना पडले. धाकटे जोरावरसिंग आणि फतेहसिंग दहा वर्षांच्याही आतले. धर्म सोडायला नकार दिला म्हणून सरहिंदला त्यांना मारलं गेलं आणि आजी माता गुजरीही तिथेच गेल्या. हा भाग सांगताना माझा आवाज दरवेळी अडखळतो. गोविंदसिंगांनी औरंगजेबाला फारसीत जफरनामा लिहिला तो यानंतर.

मग तलवंडीला, आजच्या दमदमा साहिबला, मुक्काम झाला. पाचव्या गुरूंनी 1604 मध्ये तयार केलेली मूळ प्रत धीरमल या नातलगाच्या घराण्याकडे होती आणि ते ती देईनात. परंपरेनुसार गुरूंनी इथे भाई मणीसिंगांकडून ग्रंथ नव्याने लिहवून घेतला. त्यात वडिलांची रचना घातली, पण स्वतः मोठे कवी असूनही स्वतःची वेगळी ठेवली. आपल्या नामदेवांची 61 पदं त्याच ग्रंथात आहेत.

औरंगजेबानंतर बादशाह झालेल्या बहादूरशाहाबरोबर ते दख्खनेत आले आणि 1708 मध्ये नांदेडला गोदाकाठी थांबले. माधोदास बैरागी इथेच त्यांना भेटला आणि बंदासिंग झाला. त्याला त्यांनी पंजाबात धाडलं ते सेनानी म्हणून, गुरू म्हणून नाही. एका पठाणाने केलेल्या वाराची जखम पुन्हा उघडली आणि ऑक्टोबर 1708 मध्ये ते गेले. जाण्यापूर्वी त्यांनी ग्रंथापुढे नारळ आणि पाच पैसे ठेवून माथा टेकला. आधीचे गुरू नव्या गुरूपुढे असंच करत.

काही जण म्हणतात, मुलगे उरले नव्हते म्हणून ग्रंथाला गादी दिली. मला ते पटत नाही. 1699 मध्ये घरात मुलगे होते, तेव्हाच ते पाच सामान्य माणसांपुढे हात जोडून उभे राहिले होते. शब्द ग्रंथाकडे आणि निर्णय पंथाकडे, ही तयारी आधीची आहे.

म्हणूनच हा मुद्दा शिखांना आजही इतका नाजूक वाटतो. नामधारींसारखे काही पंथ देहधारी गुरू मानतात, बहुसंख्य शीख ते मान्य करत नाहीत. 1925 च्या गुरुद्वारा कायद्यात शीख असल्याची जी प्रतिज्ञा आहे, तिच्यात गुरू ग्रंथसाहिब आणि दहा गुरू यांवर श्रद्धा आहे आणि दुसरा धर्म नाही, एवढंच म्हणायचं असतं. 1945 च्या रहत मर्यादेने त्यात दहाव्या गुरूंच्या अमृतावरची श्रद्धाही घातली. कुठल्या हयात माणसाचं नाव दोन्हीकडे नाही.

सहल नांदेडला नेलीत तर हुजूर साहिबला मुलांना नीट बघू द्या. ग्रंथावर चांदवा असतो, चवरी ढाळली जाते. कुठल्याही गुरुद्वाऱ्यात पहाटे ग्रंथ उघडतात, रात्री मानाने विश्रांतीला नेतात. पुस्तक गुरू कसं होईल, हा प्रश्न मुलांना तिथे पुन्हा विचारा.