खासदार चार वर्षं जेलमध्ये होता, खासदारकी मात्र शाबूत राहिली : कॅप्टन रॅमसेचा किस्सा

एखाद्या खासदारावर शत्रूला सामील असल्याचा संशय आहे. गुन्हा मात्र सिद्ध झालेला नाही. मग देशाची गुपितं त्याच्या हाती लागू द्यायची का? लागू दिली तर देश धोक्यात येतो. त्याला लांब ठेवलं, तर ज्यांनी त्याला निवडून दिलं त्यांचा आवाज बंद होतो.

१९४० मध्ये ब्रिटन याच पेचात सापडलं होतं. त्या खासदाराचं नाव कॅप्टन आर्चिबाल्ड रॅमसे.

रॅमसेचा जन्म ४ मे १८९४ चा. घराणं स्कॉटलंडमधलं, बडं. शिक्षण ईटनमध्ये आणि नंतर सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत. पहिल्या महायुद्धात लढताना त्याच्या डोक्याला जखम झाली. १९३१ मध्ये तो पीबल्स आणि साउथ मिडलोदियन या मतदारसंघातून निवडून आला. पक्ष होता युनियनिस्ट, म्हणजे हुजूर पक्षाचा स्कॉटलंडमधला भाऊबंदच.

थोडक्यात, देशभक्तीचं सर्टिफिकेट मागावं असा हा माणूस नव्हता.

पण १९३० च्या दशकाच्या शेवटी त्याच्या डोक्यात ज्यू-द्वेष भिनला. जगातल्या प्रत्येक संकटामागे त्याला ज्यूंचा कट दिसायला लागला. मे १९३९ मध्ये त्याने ‘राइट क्लब’ नावाची गुप्त संघटना काढली. दोनशेहून जास्त सभासदांची नावं कुलूप असलेल्या एका लाल वहीत लिहिलेली होती. त्यात उमराव होते, खासदारही होते.

सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू झालं. आणि इथे एन्ट्री झाली टायलर केंटची.

केंट हा लंडनच्या अमेरिकन दूतावासातला कारकून. सांकेतिक तारा उलगडणं हे त्याचं काम. तो दूतावासातली गुप्त कागदपत्रं गुपचूप घरी आणायचा. त्यात चर्चिल आणि अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यातला पत्रव्यवहारही होता. राइट क्लबच्या ॲना वोल्कोफ या रशियन बाईने केंटची ओळख रॅमसेशी करून दिली. रॅमसेने केंटच्या फ्लॅटवर जाऊन ते कागद पाहिले. लाल वहीही त्याने केंटकडेच ठेवायला दिली.

आता यात एवढं घाबरण्यासारखं काय होतं?

तर अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेली नव्हती आणि त्याच वर्षी तिथे अध्यक्षपदाची निवडणूक होती. रूझवेल्ट आतून ब्रिटनशी बोलतायत हे बाहेर आलं असतं, तर विरोधकांच्या हाती आयतं कोलीत मिळालं असतं. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. १६८९ च्या कायद्याने ब्रिटिश संसदेत बोललेल्या शब्दाला संरक्षण आहे. रॅमसेने ते कागद सभागृहात वाचून दाखवले असते, तरी कोणतंही कोर्ट त्याच्या भाषणाला हात लावू शकलं नसतं. साध्या माणसाच्या हातातलं गुपित आणि खासदाराच्या हातातलं गुपित यात हा फरक असतो.

ब्रिटनची गुप्तचर संघटना एमआय-५ ने राइट क्लबमध्ये आधीच आपली माणसं पेरली होती. २० मे १९४० ला केंटच्या घरावर धाड पडली. जवळपास दोन हजार कागद सापडले, सोबत लाल वही. तीन दिवसांनी रॅमसेला उचललं आणि थेट ब्रिक्स्टन जेलमध्ये टाकलं.

पुढे केंटला सात आणि वोल्कोफला दहा वर्षांची शिक्षा झाली. खटले बंद दाराआड चालले. रॅमसेवर मात्र कधीच आरोपपत्र आलं नाही. युद्धकाळातल्या १८ब या नियमाने सरकार कुणालाही खटल्याशिवाय डांबू शकत होतं, त्याच नियमाखाली तो आत होता.

खासदाराला असं डांबणं हा संसदेच्या विशेषाधिकाराचा भंग नाही का? प्रश्न हक्कभंग समितीकडे गेला. ऑक्टोबर १९४० मध्ये समितीने सांगितलं, भंग झालेला नाही.

पण त्याची जागा कुणी काढून घेतली नाही. तो जेलमधून लेखी प्रश्न पाठवत राहिला. त्याच काळात कॉमन्समध्ये युद्धावर गुप्त बैठका होत होत्या, चर्चिल तिथे बाहेर बोलता न येणाऱ्या गोष्टी सांगत होते. तिथे रॅमसे नव्हता आणि पीबल्सच्या मतदारांचा दुसरा कुणी प्रतिनिधीही नव्हता.

१९४१ मध्ये त्याने न्यूयॉर्क टाइम्सवर बदनामीचा खटला भरला. त्याने जर्मनांना माहिती पुरवल्याचं पेपरने छापलं होतं. तो जिंकला, भरपाई मिळाली एक फार्दिंग. म्हणजे पाव पेनी.

२६ सप्टेंबर १९४४ ला सुटका झाली आणि गडी पुन्हा संसदेत जाऊन बसला. विचार तसेच होते. जून १९४५ मध्ये तेराव्या शतकातला ज्यूविरोधी कायदा परत आणा, असा ठराव त्याने मांडला. त्यानंतरची निवडणूक त्याने लढवली नाही. ११ मार्च १९५५ ला तो वारला.

रॅमसेचे विचार विषारी होते, यात वाद नाही. पण सरकारकडे तेव्हा दोनच मार्ग होते, मोकळं सोडा नाहीतर कोंडून ठेवा. फक्त गुपितांपासून लांब ठेवायचं, कारण लेखी द्यायचं, त्याला बाजू मांडू द्यायची आणि बाकी खासदारकी चालू ठेवायची, असा मधला नियमच नव्हता. तो नसल्याची किंमत रॅमसेइतकीच पीबल्सच्या मतदारांनीही मोजली. आणि त्यांच्यावर तर कुणाचा संशयही नव्हता.