जॅकी रॉबिन्सन : कनिष्ठ महाविद्यालयातून विद्यापीठाच्या मैदानाकडे

अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत ओलांडणारे खेळाडू म्हणून जॅकी रॉबिन्सन जगभर ओळखले जातात. मात्र तरुणपणी त्यांचे नाव प्रथम गाजले ते फुटबॉलच्या मैदानावर, आणि त्याची सुरुवात एका दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयातून झाली.

रॉबिन्सन यांचा जन्म ३१ जानेवारी १९१९ रोजी जॉर्जिया राज्यातील कैरो या गावी बटाईने शेती करणाऱ्या कुटुंबात झाला. वडील घर सोडून गेल्यानंतर आई मॅली १९२० मध्ये पाच मुलांसह कॅलिफोर्नियातील पॅसाडेना शहरात आल्या. घरोघरी कामे करून त्यांनी मुलांना वाढवले. या शहराच्या सार्वजनिक जलतरण तलावात कृष्णवर्णीयांना आठवड्यातून केवळ एक दिवस प्रवेश मिळत असे. थोरले बंधू मॅक यांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर धावण्याच्या शर्यतीत रौप्यपदक पटकावले. परंतु मायदेशी परतल्यावर त्यांच्या वाट्याला रस्ते झाडण्याचे काम आले. पराक्रमाने पोटापाण्याची सोय होत नाही, हा धडा जॅकी यांना घरातच मिळाला.

१९३७ मध्ये त्यांनी पॅसाडेना ज्युनियर कॉलेजमध्ये प्रवेश घेतला. अमेरिकेतील कनिष्ठ महाविद्यालयांत शालेय शिक्षणानंतरची पहिली दोन वर्षे पूर्ण करून पुढे विद्यापीठात जाता येते. कॅलिफोर्नियात हे शिक्षण त्या काळी निःशुल्क असल्याने गरीब विद्यार्थ्यांना त्याचा मोठा आधार होता. सुरुवातीच्या सरावात घोटा मोडल्याने रॉबिन्सन यांना काही सामन्यांना मुकावे लागले. त्यातून सावरल्यानंतर ते आक्रमणात क्वार्टरबॅक आणि बचावात सेफ्टी अशा दोन्ही जागी खेळू लागले. अमेरिकन फुटबॉलमध्ये सेफ्टी हा बचावफळीच्या सर्वांत मागे उभा राहणारा खेळाडू असतो. प्रतिस्पर्धी त्याला चुकवून पुढे गेला, तर त्याला अडवणारे सहसा कोणीच उरत नाही. १९३८ च्या हंगामात रॉबिन्सन यांचा संघ अपराजित राहिला. त्याच वर्षी त्यांनी लांब उडीत बंधू मॅक यांचा महाविद्यालयीन विक्रम मोडला.

यानंतर अनेक विद्यापीठांनी त्यांच्यासाठी दारे उघडली. त्यांचे दुसरे बंधू फ्रँक यांचा याच सुमारास मोटारसायकल अपघातात मृत्यू झाला. कुटुंबाजवळ राहता यावे म्हणून रॉबिन्सन यांनी १९३९ मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची, अर्थात यूसीएलएची निवड केली. केनी वॉशिंग्टन, वुडी स्ट्रोड, रे बार्टलेट आणि रॉबिन्सन असे चार कृष्णवर्णीय खेळाडू एकाच संघात असणे त्या काळी दुर्मिळ होते. त्या हंगामात संघाने सहा सामने जिंकले, चार बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. पुढच्या वर्षी मात्र दहापैकी नऊ सामन्यांत त्याला हार पत्करावी लागली.

फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि मैदानी स्पर्धा या चारही खेळांत विद्यापीठाचे मानचिन्ह मिळवणारे रॉबिन्सन हे यूसीएलएचे पहिले खेळाडू ठरले. १९४० मध्ये त्यांनी लांब उडीचे राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद जिंकले. ज्या बेसबॉलने पुढे त्यांना कीर्ती दिली, त्यात मात्र विद्यापीठात त्यांची कामगिरी सर्वांत फिकी होती.

१९४१ मध्ये पदवी हाताशी आली असताना त्यांनी विद्यापीठ सोडले. आईला हातभार लावणे त्यांना अधिक निकडीचे वाटत होते. राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये १९३४ ते १९४५ या काळात एकाही कृष्णवर्णीयाला स्थान मिळाले नाही. त्यामुळे हवाईतील निमव्यावसायिक संघाकडून खेळण्यावर त्यांना समाधान मानावे लागले. पुढे लष्करी सेवेत असताना, १९४४ मध्ये बसमध्ये मागच्या बाजूला बसण्यास नकार दिल्यावरून त्यांच्यावर लष्करी खटला चालला आणि त्यात ते निर्दोष सुटले.

१५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरून त्यांनी मेजर लीग बेसबॉलमधील सुमारे सहा दशकांची वर्णबंदी मोडून काढली. त्याआधी एक वर्ष, १९४६ मध्ये, वॉशिंग्टन आणि स्ट्रोड या त्यांच्या विद्यापीठातील सहकाऱ्यांनी राष्ट्रीय फुटबॉल लीगचे बंद दार पुन्हा उघडले होते.

२४ ऑक्टोबर १९७२ रोजी वयाच्या ५३ व्या वर्षी रॉबिन्सन यांचे निधन झाले. १९९७ मध्ये मेजर लीगने त्यांचा ४२ हा क्रमांक सर्व संघांतून सन्मानपूर्वक निवृत्त केला. त्यांचे पहिले महाविद्यालय आता पॅसाडेना सिटी कॉलेज या नावाने ओळखले जाते आणि तेथील क्रीडांगणाला जॅकी व मॅक या दोन्ही भावांच्या सन्मानार्थ रॉबिन्सन यांचे नाव देण्यात आले आहे.