खडकीची तहान भागवणारे मलिक अंबर

रोजाच्या दिवसांत पाण्याची किंमत कोणाला सांगावी लागत नाही. ही किंमत ओळखून चारशे वर्षांपूर्वी मराठवाड्यात एक शहर वसवले गेले. ते वसवणारे मलिक अंबर मूळचे इथिओपियाचे.

त्यांचा जन्म 1548 च्या सुमारास झाला. चापू नावाचा हा मुलगा लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. अरबस्तान, बगदाद असा हातोहात फिरत तो दख्खनला पोहोचला. वाटेत त्याला इस्लामची दीक्षा मिळाली आणि अंबर हे नाव मिळाले. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. धन्याच्या मृत्यूनंतर गुलामगिरी सुटली आणि अंबर यांची स्वतंत्र वाटचाल सुरू झाली. 1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला, तेव्हा बुडत्या निजामशाहीला त्यांनीच सावरले. मराठा सरदारांना सोबत घेऊन त्यांनी गनिमी काव्याने मोगलांना वर्षानुवर्षे झुंजवले.

1610 मध्ये त्यांनी खडकी गावी राजधानी वसवली. हेच आजचे छत्रपती संभाजीनगर. दोनच वर्षांत विजयाची खूण म्हणून भडकल दरवाजा उभा राहिला. पण मुलूख खडकाळ, पाऊस बेभरवशाचा आणि खाम नदी लहान. भरीला 1616 मध्ये मोगलांनी शहर जाळले. मलिक अंबर यांनी ते पुन्हा उभे केले आणि पाण्याचा प्रश्न मुळापासून हाती घेतला.

पावसाचे पाणी उत्तरेच्या डोंगरांत मुरते आणि हर्सूलच्या बाजूच्या जमिनीत उतरते, हे त्यांनी हेरले. तेथून शहरापर्यंत जमिनीखालून बांधीव बोगदा काढला गेला. हीच नहर-ए-अंबरी. भूगर्भातले पाणी पाझरून बोगद्यात येई आणि बेताच्या उतारावरून आपोआप शहराकडे वाही. मोट नको, बैल नको. हवा खेळावी, गाळ काढता यावा म्हणून ठरावीक अंतरावर उभे झरोके ठेवलेले होते. शहरात दगडी मनोऱ्यांत पाणी चढे आणि खापराच्या नळांतून हौदांपर्यंत पोहोचे. बंद वाटेमुळे ऊन लागत नसे, पाणी उडून जात नसे.

या नहरीची खरी शहाणीव तिच्या मर्यादेत होती. जमीन जेवढे पाझरू देईल तेवढेच पाणी नहरीत येणार. पाऊस कमी तर धार बारीक, पाऊस चांगला तर धार मोठी. त्यामुळे शहराच्या वापराला निसर्गच लगाम घाली. पुढे याच धर्तीवर शहरात आणखी नहरी झाल्या.

रणांगणावरही मलिक अंबर पाण्याचा हिशेब विसरले नाहीत. 1624 मध्ये भातवडीच्या तलावाचे पाणी सोडून त्यांनी मोगल आणि आदिलशाही फौजांच्या छावणीत चिखल केला. या लढाईत शहाजीराजे त्यांच्या बाजूने लढले, तर शहाजीराजांचे बंधू शरीफजी कामी आले. 1626 मध्ये मलिक अंबर यांचे निधन झाले. खुलताबादेत त्यांची कबर आहे.

नहर मात्र त्यांच्यामागे शतकानुशतके वाहत राहिली. नंतर तिच्यावर घरे चढली, रस्त्यांच्या खोदाईत बोगदे फुटले, झरोके बुजले, सांडपाणी आत शिरले. शहराची भिस्त दूरच्या जायकवाडी धरणावर गेली. तिथले पाणी विजेच्या पंपांनी वर चढवावे लागते. उरलेली तहान बोअर भागवतात. नहरीला वरच्या पातळीचेच पाणी मिळे, बोअरला अशी अट नसते. पाणी खाली गेले की लोक आणखी खोल जातात, आणि एकाच्या खोल बोअरने शेजाऱ्याची विहीर आटते.

म्हणून नहरीचे उरलेले झरोके मोकळे ठेवणे, डोंगरउतारावर पाणी मुरायला जागा राखणे आणि वर्षभरात जेवढे मुरले तेवढेच उपसणे ही कामे आजच्या नगरनियोजनाचीच आहेत. विकला गेलेला एक मुलगा परक्या मुलखात येऊन अवघ्या शहराच्या पाण्याची सोय करून गेला. ती सांभाळणे आता शहरवासीयांकडे आहे.