विश्लेषण : कर्जाची मुदत, गहाणाची मुदत आणि न्यायमूर्ती रानडे

कर्ज किती वर्षांत फेडायचे आणि त्यासाठी जमीन किती वर्षे गहाण राहायची, या दोन मुदतींचा मेळ बसला नाही तर कर्ज लहान असूनही जमीन जाते. एकोणिसाव्या शतकात दख्खनच्या शेतकऱ्याने हे भोगले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या प्रश्नाकडे आधी न्यायाधीश म्हणून आणि पुढे अर्थतज्ज्ञ म्हणून पाहिले.

मुदतीचा घोळ काय होता?

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडचा. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत त्यांचे नाव झळकले. पुढे कायद्याची पदवी घेऊन १८७१ मध्ये ते पुण्यात न्यायाधीश झाले. त्या काळात दिवाणी दाव्यांसाठी १८५९ चा मुदतीचा कायदा लागू होता. नोंदणी नसलेल्या साध्या कर्जखतावर सावकाराला तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागे. कायद्याचा हेतू ऋणकोला वाचवण्याचा होता, झाले उलटेच. मुदत संपत आली की सावकार जुने व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेई. विहीर खणायला काढलेले कर्ज आठ-दहा सुगींनंतरच फिटू शकते. कागद मात्र दर तीन वर्षांनी बदलत होता आणि रक्कम फुगत होती. शेवटी साध्या खताच्या जागी गहाणखत येई.

१८७५ मध्ये काय घडले?

कापसाची तेजी ओसरली होती आणि साऱ्याची रोख मागणी चालूच होती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उद्रेक झाला आणि तो नगर जिल्ह्यातही पसरला. दंगेखोरांचा रोख प्रामुख्याने सावकाराच्या दप्तरावर होता. खते आणि वह्या जाळल्या गेल्या. चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांना लागू झाला.

कायद्याने काय बदलले?

खतावरचा आकडा अंतिम न मानता व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. मुद्दल आणि व्याज वेगळे मांडायचे, व्याजाचे मुद्दल करायचे नाही, असे ठरले. हप्ते बांधून देण्याची सोय झाली. दाव्याची मुदत वाढून नोंदणीकृत खतासाठी १२ वर्षे आणि इतरांसाठी सहा वर्षे झाली. त्यामुळे केवळ मुदत टळू नये म्हणून खत बदलण्याचे कारण उरले नाही.

रानडे यांची भूमिका काय होती?

सरकारचा त्यांच्यावर संशय होता. १८७८ मध्ये त्यांची बदली नाशिकला आणि १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या सुमारास धुळ्याला झाली. पुढे त्याच सरकारने नव्या कायद्याच्या अंमलबजावणीची देखरेख त्यांच्याकडे सोपवली. पुणे-सातारा भागात फिरून कनिष्ठ न्यायालयांचे काम तपासताना त्यांना कायद्याची ताकद दिसली तशी मर्यादाही. हिशेब तपासला जाऊ लागताच अनेक सावकार गहाणाऐवजी खरेदीखतच मागू लागले. कायदा अन्याय रोखू शकत होता. स्वस्त कर्ज उभे करू शकत नव्हता.

रानडे यांना जमिनीच्या हस्तांतरावर सरसकट बंदी मान्य नव्हती. जमीन काटकसरी, भांडवल असलेल्या हातांत जाणे काही प्रमाणात अटळ आहे, असे त्यांचे मत होते. ते वादग्रस्त ठरले.

मग त्यांचा उपाय कोणता?

१८९१ मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेत त्यांनी जमिनीच्या तारणावरील पतपुरवठ्याच्या फेररचनेवर निबंध मांडला. युरोपातील भू-तारण संस्थांचा त्यांनी अभ्यास केला होता. दीर्घ मुदतीने पैसा उभारायचा, दीर्घ मुदतीनेच तो शेतकऱ्याला द्यायचा आणि वार्षिक हप्त्यांत मुद्दलासह वसूल करायचा, अशी त्या संस्थांची रीत. शेवटच्या हप्त्याबरोबर गहाणही सुटते. याआधी विल्यम वेडरबर्न यांची पुरंदर तालुक्यासाठीची शेतकी बँकेची योजना लंडनहून नाकारली गेली होती.

पुढे काय झाले?

रानडे १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मध्ये आला. पहिली भू-तारण बँक १९२० मध्ये पंजाबातील झंग येथे निघाली. महाराष्ट्रातील भूविकास बँकाही याच विचाराच्या वारस.

मुदतींचा हा प्रश्न आजही कागदावर आहे. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षे, गहाण मालमत्तेतून वसुलीला १२ वर्षे आणि गहाण सोडवण्याला ३० वर्षे मिळतात. त्यामुळे सही करताना कर्जाचा शेवटचा हप्ता कधी आणि गहाण कधी सुटणार, या दोन्ही तारखा पडताळून पाहणे आजही तितकेच गरजेचे आहे.