क्रिस्टोफर लॅथम शोल्स

क्रिस्टोफर लॅथम शोल्स (१४ फेब्रुवारी १८१९ – १७ फेब्रुवारी १८९०) हे अमेरिकन मुद्रक, वृत्तपत्र संपादक, राजकारणी व संशोधक होते. व्यापारी पातळीवर यशस्वी ठरलेल्या पहिल्या टंकलेखन यंत्राचे ते प्रमुख निर्माते मानले जातात. आज जगभरातील संगणक व मोबाइल यांवर आढळणारी ‘क्वर्टी’ ही कळफलकाची मांडणी त्यांच्याच प्रयोगांतून आकाराला आली. वरच्या ओळीतील पहिल्या सहा रोमन अक्षरांवरून तिला हे नाव मिळाले. मात्र शोल्स स्वतः तिला अंतिम मानत नव्हते व अखेरपर्यंत ते वेगळ्या मांडणीच्या शोधात राहिले.

प्रारंभिक जीवन

शोल्स यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील मूर्सबर्ग येथे झाला. तरुणपणी त्यांनी मुद्रणालयात उमेदवारी करून खिळे जुळवण्याचे व छपाईचे काम आत्मसात केले. १८३७ मध्ये ते विस्कॉन्सिन प्रदेशात स्थलांतरित झाले. तेथे साउथपोर्ट (सध्याचे केनोशा) गावी त्यांनी वृत्तपत्र चालवले. १८४१ मध्ये त्यांचा विवाह मेरी जेन मॅकिनी यांच्याशी झाला.

राजकीय कारकीर्द

१८४८ मध्ये विस्कॉन्सिनला राज्याचा दर्जा मिळाल्यावर शोल्स राज्याच्या सिनेटवर निवडून आले. पुढे ते कनिष्ठ सभागृहाचेही सदस्य होते. आरंभी डेमोक्रॅटिक, नंतर फ्री सॉइल व अखेरीस रिपब्लिकन असा त्यांचा पक्षीय प्रवास झाला. १८५१ मध्ये केनोशा येथे जॉन मॅकाफरी या कैद्याला जाहीररीत्या फाशी देण्यात आली. त्याचा मृत्यू बराच वेळ लांबल्यामुळे लोकांत तीव्र प्रतिक्रिया उमटली. शोल्स यांनी आपल्या वृत्तपत्रातून व सभागृहातून देहदंडाविरुद्ध मोहीम चालवली. १८५३ मध्ये विस्कॉन्सिनने देहदंड रद्द केला. ही शिक्षा तेथे पुन्हा कधीही लागू झाली नाही. अब्राहम लिंकन यांच्या कारकिर्दीत शोल्स यांची मिलवॉकी बंदराचे सीमाशुल्क अधिकारी म्हणून नेमणूक झाली.

टंकलेखन यंत्राची निर्मिती

मिलवॉकी येथील क्लाइनस्टॉयबर यांच्या यंत्रशाळेत शोल्स व त्यांचे मुद्रक सहकारी सॅम्युएल सूल हे पुस्तकांच्या पानांवर क्रमांक छापणारे यंत्र तयार करत होते. त्याचे पेटंट त्यांना १८६६ मध्ये मिळाले. आकडे छापता येतात तर अक्षरे का नाहीत, असा विचार त्याच यंत्रशाळेत काम करणारे कार्लोस ग्लिडन यांनी मांडला. १८६७ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ नियतकालिकात जॉन प्रॅट यांच्या लेखनयंत्राची माहिती प्रसिद्ध झाली व या विचाराला चालना मिळाली. शोल्स यांनी प्रथम तारयंत्राच्या जुन्या कळीचा उपयोग करून केवळ एकच अक्षर उमटवणारा नमुना बनवला. त्यानंतर पूर्ण यंत्र उभे राहिले व २३ जून १८६८ रोजी शोल्स, ग्लिडन आणि सूल यांना त्याचे पेटंट मिळाले. या पहिल्या यंत्राच्या कळा पियानोच्या पट्ट्यांसारख्या होत्या.

जेम्स डेन्समोर यांनी प्रकल्पात भांडवल गुंतवले. यंत्र व्यवहारात टिकेल असे होईपर्यंत त्यांनी सुधारणांचा आग्रह धरला. वॉशिंग्टन येथील लघुलेखक जेम्स क्लिफेन यांच्याकडे नमुने चाचणीसाठी पाठवले जात. सततच्या वापराने ते मोडत व प्रत्येक दोषाची तक्रार परत येई. सूल व ग्लिडन हळूहळू या कामातून बाजूला झाले, परंतु शोल्स यांनी एकामागून एक सुधारित नमुने तयार करणे चालूच ठेवले.

१८७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील इलियन येथील रेमिंग्टन या बंदुका व शिवणयंत्रे बनवणाऱ्या कंपनीशी उत्पादनाचा करार झाला. १८७४ मध्ये ‘शोल्स अँड ग्लिडन टाइप-रायटर’ बाजारात आले. त्याची किंमत १२५ डॉलर होती. त्यातून केवळ मोठी अक्षरे उमटत. खिळे कागदाच्या रुळावर खालून आपटत असल्याने टंकलेखकाला लिहिलेला मजकूर लगेच दिसत नसे. आरंभी विक्री मंद होती. १८७८ मध्ये शिफ्ट कळ असलेले ‘रेमिंग्टन क्र. २’ आले. त्यात लहान व मोठी अशी दोन्ही अक्षरे लिहिता येऊ लागली व यंत्राचा प्रसार वाढला.

कळफलकाची मांडणी

सुरुवातीच्या कळफलकावर अक्षरे वर्णक्रमाने होती. मधल्या ओळीत डी, एफ, जी, एच, जे, के, एल ही अक्षरे आजही जवळपास त्याच क्रमाने दिसतात. पुढील काही वर्षांत शोल्स यांनी अक्षरांच्या जागा वारंवार बदलल्या. १८७८ मध्ये त्यांना मिळालेल्या पेटंटमध्ये क्वर्टी मांडणी दिसते. तीत एम हे अक्षर एलच्या शेजारी होते, तर एक्स व सी यांचा क्रम आजच्या उलट होता.

या मांडणीच्या कारणांविषयी मतभेद आहेत. लागोपाठ येणाऱ्या अक्षरांच्या दांड्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून त्या दूर ठेवल्या, हे स्पष्टीकरण प्रचलित आहे. मात्र ई व आर ही इंग्रजीत वारंवार जोडीने येणारी अक्षरे शेजारीच आहेत, याकडे टीकाकार लक्ष वेधतात. तारसंदेश उतरवून घेणाऱ्यांच्या सोयीने मांडणी बदलत गेली, असे मत क्योटो विद्यापीठातील संशोधकांनी मांडले आहे.

अखेरची वर्षे

यंत्राचे हक्क सोडल्यामुळे पुढील काळातील मोठा नफा शोल्स यांच्या वाट्याला आला नाही. क्षयरोगाने प्रकृती खालावलेली असतानाही त्यांनी नव्या यंत्रांवर काम चालू ठेवले. मिलवॉकी येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या मृत्यूनंतर १८९६ मध्ये मंजूर झालेल्या पेटंटमध्ये क्वर्टीहून वेगळी मांडणी आहे. परंतु तोपर्यंत टंकलेखकांची बोटे जुन्या मांडणीला सरावली होती. १८९३ मध्ये रेमिंग्टनसह प्रमुख उत्पादक एकत्र आल्याने क्वर्टीचे स्थान आणखी पक्के झाले होते.

वारसा

टंकलेखन यंत्रामुळे स्त्रियांना कार्यालयांत मोठ्या प्रमाणावर नोकऱ्या मिळाल्या, याचे शोल्स यांना समाधान होते. १९३६ मध्ये ऑगस्ट ड्व्होराक यांनी अधिक सुलभ म्हणून नवी मांडणी पुढे आणली, तरी क्वर्टी हटली नाही. भारतात मुंबईच्या गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये देशी टंकलेखन यंत्र बनवले. संगणकासाठी तयार झालेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत देवनागरीचे स्वर डावीकडे व व्यंजने प्रामुख्याने उजवीकडे आहेत. ही मांडणी क्वर्टीच्या अक्षरक्रमावर आधारलेली नसली, तरी ती त्याच कळफलकावर बसवलेली आहे. रोमन अक्षरांच्या उच्चारांवरून मराठी लिहिणारे मात्र थेट शोल्स यांचीच मांडणी वापरतात.