टकरीच्या गणितातले होमी भाभा

भारतीय अणुकार्यक्रमाचे शिल्पकार ही डॉ. होमी जहांगीर भाभा यांची ओळख शाळकरी मुलांनाही पाठ असते. तुर्भ्याचे अणुसंशोधन केंद्र आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था या त्यांच्या कर्तृत्वाच्या खुणा मुंबईत ठळकपणे उभ्या आहेत. जगभरच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत मात्र त्यांचे नाव वेगळ्याच कारणाने येते. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून विखुरतात, त्या क्रियेला ‘भाभा प्रकीर्णन’ म्हणतात. तिचे गणित त्यांनी ऐन पंचविशीत मांडले होते.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुविद्य पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर बॅरिस्टर होते, तर आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अशी वाटचाल करून ते १९२७ मध्ये केंब्रिजला दाखल झाले. यंत्र अभियांत्रिकी शिकून मुलाने जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावे, अशी घरच्यांची अपेक्षा होती. होमींचे मन मात्र पदार्थविज्ञानात गुंतले. कारखान्यातील नोकरी हा आपला पिंड नाही, असे त्यांनी १९२८ मध्ये वडिलांना पत्राने निक्षून कळवले. वडिलांनी तोड काढली. आधी अभियांत्रिकीत प्रथम वर्ग मिळवावा, मग गणितासाठी आणखी काळ राहण्याची सोय करू. होमींनी १९३० मध्ये ती अट पूर्ण केली आणि १९३२ मध्ये गणितातही प्रथम वर्ग मिळवला.

केंब्रिजमध्ये त्या वेळी पॉल डिरॅक यांच्या समीकरणाचा बोलबाला होता. इलेक्ट्रॉनला विद्युतभाराखेरीज ‘स्पिन’ म्हणजे परिवलन हाही गुणधर्म असतो. तो भोवऱ्यासारखा प्रत्यक्ष फिरत नाही, पण चिमुकल्या चुंबकासारखा वागतो आणि कोणत्याही अक्षावर मोजले तरी त्याच्या परिवलनाचे दोनच पर्याय मिळतात. तोवर हा गुणधर्म सिद्धांताला बाहेरून जोडावा लागत होता. डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणातून तो आपोआप निघाला. त्याच समीकरणाने इलेक्ट्रॉनच्या धनभारित जुळ्या भावाची, पॉझिट्रॉनची, चाहूल दिली आणि १९३२ मध्ये कार्ल अँडरसन यांना तो विश्वकिरणांत सापडला.

भाभांनी नेमका येथे प्रश्न विचारला. दोन इलेक्ट्रॉन आदळले की त्यांपैकी कोणता कुठे गेला हे सांगता येत नाही, कारण ते एकसारखेच असतात. त्यामुळे त्यांची अदलाबदल हिशेबात धरावी लागते आणि दोघांचे परिवलन समांतर आहे की विरुद्ध, यावर टकरीचा परिणाम ठरतो. क्रिस्टियान म्योलर यांनी १९३२ मध्ये हे गणित केले होते. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन तर भारावरून वेगळे ओळखू येतात. मग तेथे अदलाबदलीचा संबंध काय?

संबंध आहे, असे भाभांनी दाखवले. डिरॅक यांच्या सिद्धांतात पॉझिट्रॉन म्हणजे ऋण ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांच्या सागरातील एक पोकळी. आदळणारा इलेक्ट्रॉन त्या पोकळीत पडू शकतो आणि त्याच वेळी दुसरी जोडी उसळून वर येऊ शकते. आजच्या भाषेत, दोन्ही कण नष्ट होऊन क्षणभर फोटॉन बनतो आणि त्यातून नवी जोडी जन्मते. फोटॉनचे परिवलन एक असल्याने दोन्ही कणांच्या अर्ध्या-अर्ध्या परिवलनांची बेरीज एक होते तेव्हाच हा मार्ग खुला होतो. कमी वेगाच्या टकरीत या मार्गाचा प्रभाव नगण्य असतो. प्रकाशवेगाच्या जवळ मात्र तो ठळक होतो. म्हणजेच डिरॅक यांच्या पोकळीच्या कल्पनेची प्रयोगाने कसोटी घेता येणार होती. हा निबंध १९३६ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला.

त्यानंतर १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली. १९३९ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले आणि महायुद्ध पेटल्याने येथेच राहिले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या छत्राखाली त्यांचे संशोधन सुरू झाले. १९४१ मध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. अधिक परिवलनाच्या कणांसाठीची त्यांची समीकरणे १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली. तरुण हरीशचंद्र त्या काळात त्यांचे सहकारी होते.

युद्ध संपल्यावर परदेशी विद्यापीठांची दारे त्यांना सहज उघडली असती. त्यांनी मात्र मार्च १९४४ मध्येच टाटा विश्वस्तनिधीला पत्र लिहून संशोधन संस्थेची योजना मांडली होती. ती संस्था १९४५ मध्ये उभी राहिली. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग आला आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्यात ‘अप्सरा’ कार्यान्वित झाली. या उभारणीची किंमतही मोठी होती. समीकरणांत रमणारा हा शास्त्रज्ञ फायली, बैठका आणि अंदाजपत्रकांत गुंतत गेला. स्वतःचे संशोधन मागे पडले. चित्रकला आणि संगीताची ओढ मात्र अखेरपर्यंत टिकली. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला जाताना एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ विमान आल्प्समधील माँ ब्लाँवर कोसळले आणि वयाच्या अवघ्या छप्पन्नाव्या वर्षी भाभा गेले.

त्यांचे गणित मात्र कामाला येत राहिले. जिनिव्हाजवळच्या सर्नमधील लेप या महाकाय त्वरकात १९८९ ते २००० या काळात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरी घडवल्या गेल्या. किती टकरी झाल्या हे मोजण्याचा मापदंड होता भाभा प्रकीर्णन. हलके न्यूट्रिनो तीनच प्रकारचे आहेत, हा निष्कर्ष याच मापावर तोलला गेला. तेथील एल-थ्री प्रयोगात भाभांनी उभारलेल्या संस्थेचे शास्त्रज्ञही सहभागी होते. कुलाब्याच्या प्रयोगशाळांमध्ये आयन आणि अणू यांच्या टकरींचाही अभ्यास झाला. स्वतःचे संशोधन बाजूला सारून त्यांनी जी संस्था घडवली, तिने ते संशोधन असे पुढे नेले.